पत्त्यांचा धंदा आणि मनाचा तोल
(नभोवाणीवरील भाषण)



एका निवृत्त शाळामास्तरानें नभोवाणीवर येऊन पत्त्यांच्या जुगारासंबंधीं बोलावें, याचें आपणांपैकीं पुष्कळांना नवल वाटेल. कांहींना रागहि येईल. माझी सारी हयात पांचवी-सहावीच्या मुलांना अपूर्णांक आणि त्रैराशिक शिकविण्यांत गेली. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पत्त्यांशीं संबंध म्हणाल तर तो गौरी-गणपतीच्या जागरणापुरता. मेंढीकोट आणि सात-आठ यांच्यापलीकडे माझी मजल कधीं गेली नाहीं, आणि त्यांतहि माझा भिडू बहुधा माझ्यावर रागावलेलाच असे.

असें असतां हा विषय माझ्या वांट्याला कसा आला, तें आधीं सांगतों. २०२२ सालच्या पावसाळ्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मातोश्री माझ्या घरीं आल्या. मुलगा इंजिनियर झालेला, चांगल्या पगाराची नोकरी लागलेली. ती सोडून त्यानें पोकर नांवाच्या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धा खेळणें हाच धंदा पत्करला होता. "गुरुजी, अकरा महिने झाले, घरांत पैसा येत नाहीं, होतें तेंहि संपत चाललें. तुमचा शब्द तो मोडणार नाहीं," असें म्हणून त्या बाई रडूं लागल्या. मी त्यांना धीर दिला आणि पुढच्या रविवारीं मुलाला पाठवून देण्यास सांगितलें.

मुलगा आला. मीं त्याला तासभर धर्मराजाची कथा ऐकविली. त्यानें ती निमूटपणें ऐकून घेतली आणि शेवटीं म्हणाला, "गुरुजी, धर्मराजाला द्यूताची हौस होती, पण तें खेळतां येत नव्हतें, असें आपणच आम्हांला वर्गांत सांगितलें होतें. मला खेळतां येतें. माझी अडचण निराळी आहे. बरोबर खेळूनहि मी हरतों, आणि तें हरणें मला आतां सोसवत नाहीं. झोंप येत नाहीं."

मी निरुत्तर झालों. उपदेश करावयाचा तर निदान उपदेशाचा विषय तरी समजून घ्यावा, एवढी बुद्धि मला त्या दिवशीं झाली. त्यानंतर पुष्कळ रविवार तो येत असे, आणि गुरु-शिष्यांचीं आसनें आम्हीं बदललीं. आज जें सांगणार आहें तें त्याच्याकडून शिकलेलें, कांहीं पुस्तकांत वाचलेलें, आणि थोडें माझ्या त्रैराशिकाचें.

खेळ थोडक्यांत असा. बावन्न पानांच्या जोडांतून प्रत्येकाला दोन पानें झांकून मिळतात. मग मध्यभागीं पांच पानें उघडीं मांडतात; प्रथम तीन, मग एक, मग आणखी एक. या सातांपैकीं ज्याचीं पांच पानें सर्वांत श्रेष्ठ ठरतील, तो डाव जिंकतो. प्रत्येक टप्प्याला पण लावावयाचा, वाढवावयाचा, किंवा पानें टाकून बाजूस व्हावयाचें. इतर सर्वांनीं पानें टाकलीं तर हातांत कांहीं नसतांहि डाव आपला. म्हणून हूल देण्याला येथें मोठें स्थान आहे. सोरटीहून हा खेळ वेगळा पडतो तो एवढ्याकरितां कीं, येथें माणूस जुगारगृहाच्या मालकाशीं खेळत नाहीं, समोर बसलेल्या माणसांशीं खेळतो. मालक आपली फी कापून घेतो आणि स्वस्थ झोंपतो.

स्पर्धेंत सर्वांनीं सारखी प्रवेश-फी भरावयाची आणि सारख्या चकत्या घ्यावयाच्या. ठराविक वेळानें सक्तीचे पण वाढत जातात, त्यामुळें चांगल्या पानांची वाट पाहत कोणालाच बसून राहतां येत नाहीं. चकत्या संपल्या कीं माणूस बाद.

या स्पर्धांचें माहेर म्हणजे अमेरिकेंतील लास व्हेगास हें वाळवंटांतलें शहर. तेथील बेनी बिनियन नांवाच्या जुगारगृहाच्या मालकानें १९७० सालीं नामांकित खेळाडूंना एकत्र बोलावलें. त्या पहिल्या वर्षीं विजेता चक्क मतें घेऊन ठरविला, तो जॉनी मॉस. दुसऱ्या वर्षापासून शेवटपर्यंत उरेल तो विजेता, असा नियम झाला, आणि त्या वर्षींहि मॉसच जिंकला. १९७२ पासून मुख्य स्पर्धेची फी १० हजार डॉलर आहे, आणि ती आजतागायत तेवढीच आहे. इतक्या वर्षांत न वाढलेली दुसरी फी माझ्या तरी ऐकिवांत नाहीं. २००३ सालीं टेनेसी संस्थानांतला ख्रिस मनीमेकर नांवाचा एक हिशेबनीस, आडनांव खरेंच तें आहे, इंटरनेटवरच्या ८६ डॉलर फीच्या एका लहान स्पर्धेंतून तेथवर पोंचला, आणि ८३९ खेळाडूंत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. मग काय विचारतां! पुढच्याच वर्षीं २,५७६ लोक खेळावयास आले. २०२३ सालीं १०,०४३.

आतां पाटी घेऊं. २०२३ सालच्या त्या दहा हजारांवर खेळाडूंपैकीं बक्षीस मिळालें १,५०७ जणांना, म्हणजे शेंकडा पंधरांना. उरलेले पंचाऐंशी टक्के हात हालवीत घरीं गेले. पहिल्याला १ कोटि २१ लाख डॉलर मिळाले, पण बक्षीस मिळविणाऱ्यांत जो अगदीं शेवटचा त्याला मिळाले १५ हजार. समजा, एखादा खेळाडू अशा फीच्या शंभर स्पर्धा खेळला. फी गेली १० लाख. पंधरा वेळां त्याला शेवटचें बक्षीस मिळालें, तर हातीं आले सव्वादोन लाख. उरलेले पावणेआठ लाख कोठून यावयाचे? ते वर्षांतून एक-दोनदां, कदाचित् दोन-तीन वर्षांतून एकदां, मिळणाऱ्या मोठ्या बक्षिसांतून. म्हणजे नोकरदाराला जसा पहिल्या तारखेला पगार, तशी ही प्राप्ति नव्हे. कोंकणांतल्या आंब्यासारखी ही बाब आहे. एका वर्षीं झाड लगडतें आणि पुढें दोन वर्षें मोहरच जळून जातो. माझ्या विद्यार्थ्याच्या अकरा महिन्यांचा उलगडा मला येथें प्रथम झाला. त्याला लहान बक्षिसें मिळत होतीं. मोठें येत नव्हतें.

दुसरें उदाहरण. एखादा कसलेला खेळाडू वर्षाला दोनशे स्पर्धा खेळतो आणि त्यांपैकीं तीसांत बक्षीस मिळवितो, असें धरूं. एका बक्षिसानंतर ओळीनें वीस स्पर्धा कोऱ्या जाण्याचा संभव किती? पंच्याऐंशी शतांश वीस वेळां गुणले असतां सुमारें सव्विसांत एक येतो. पण अशी सुरुवात वर्षांतून तीस वेळां होते. म्हणजे ओळीनें वीस अपयशांची रांग कसलेल्या माणसालाहि सरासरीनें वर्षांतून एकदां यावयाचीच! हें गणित मीं त्याच्यासमोर केलें तेव्हां तो हांसला. त्याला तें ठाऊक होतें. "पण गुरुजी," तो म्हणाला, "एकोणिसाव्या दिवशीं रात्रीं दोन वाजतां तें आठवत नाहीं."

आणखी एक, आणि मग पाटी पुसून ठेवतों. या खेळांत दोन एक्के हातीं येणें हें परमभाग्य. तें २२१ डावांत एकदां येतें. समोरच्याकडे दोन राजे आहेत आणि दोघांनींहि सर्वस्व पणाला लावलें, तर एक्केवाला शंभरांत सुमारें ब्याऐंशी वेळां जिंकतो. अठरा वेळां हरतो. हरला म्हणजे त्याचें कांहीं चुकलें असें नाहीं. आतां मोठी स्पर्धा जिंकावयाची तर असे प्रसंग अनेकदां यावयाचे. प्रत्येक वेळीं पांचांत चार अशी अनुकूलता धरली, तरी ओळीनें पांच वेळां तरून जाण्याचा संभव १०२४ छेद ३१२५, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहूनहि थोडा कमीच. पांचहि वेळां शहाणपणानें वागलेला माणूस तीनांतून दोनदां घरीं जातो! आणि जातो तो ज्यानें मूर्खपणा केला त्याच्या हातून हरून जातो. ही गोष्ट जीवाला लागते. नुसतें हरणें माणूस सोसतो. अन्यायानें हरणें त्याला सोसत नाहीं.

या जीवाला लागण्यानंतर जें घडतें त्याला त्या धंद्यांत 'टिल्ट' म्हणतात. शब्द आला तो काचेखालीं गोळी फिरविण्याच्या खेळाच्या यंत्रावरून. कोणीं रागानें तें यंत्र हालविलें-वांकविलें कीं त्यावर 'टिल्ट' अशीं अक्षरें उजळतात आणि यंत्र बंद पडतें. माणूस मात्र तोल गेल्यावर बंद पडत नाहीं, उलट अधिकच जोरानें खेळूं लागतो, हीच आपत्ति. गेलेलें आतांच्या आतां परत मिळवावयाचें, ज्यानें नेलें त्याच्याचकडून मिळवावयाचें, असें त्याला होतें. आपल्याकडे याला अंगांत कलि शिरणें म्हणत. नलराजाची कथा आपणांस ठाऊक आहे. पण तिच्यांतला एक भाग आपण घाईनें वाचतों. ऋतुपर्ण राजा रथांतून जातां जातां एका बेहड्याच्या झाडाचीं पानें आणि फळें किती तें बिनचूक सांगतो. नल खालीं उतरून मोजून पाहतो, हिशेब जुळतो. तेव्हां तो ऋतुपर्णाकडून ती विद्या, अक्षहृदय, मागून घेतो. आणि ती विद्या येतांच कलि त्याच्या अंगांतून बाहेर पडतो. व्रतानें नव्हे, तीर्थयात्रेनें नव्हे, मोजण्याच्या विद्येनें. गणिताच्या मास्तराला ही कथा आवडली तर नवल नाहीं.

पण केवळ विद्येनें कलि जातोच, असें मात्र म्हणवत नाहीं. स्टू अंगर याचें चरित्र पाहा. न्यूयॉर्कचा हा मुलगा. पत्त्यांची बुद्धि अशी कीं रमीच्या जातीच्या एका खेळांत त्याच्याशीं खेळावयास कोणी धजेना, म्हणून तो पोकरकडे वळला. १९८० आणि १९८१ अशीं लागोपाठ दोन वर्षें त्यानें ती मुख्य स्पर्धा जिंकली. पुढें मादक पदार्थांचें व्यसन. १९९० सालीं स्पर्धेच्या तिसऱ्या दिवशीं तो हॉटेलच्या खोलींत बेशुद्ध आढळला. त्याच्याकडे चकत्या इतक्या होत्या कीं रिकाम्या खुर्चीपुढून त्या एकेक कापल्या जात असतांहि तो नववा आला, आणि त्याला २५,०५० डॉलरचें बक्षीस मिळालें. १९९७ सालीं फीचे दहा हजारहि त्याच्यापाशीं नव्हते. बिली बॅक्स्टर नांवाच्या सहकाऱ्यानें ते भरले, आणि अंगर तिसऱ्यांदां जिंकला! दहा लाख डॉलर, निम्मे बॅक्स्टरचे. पुढच्या वर्षाच्या नोव्हेंबरांत तो लास व्हेगासमधील एका स्वस्त हॉटेलांत मरून पडलेला सांपडला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं. त्याच्या अंत्यविधीसाठीं मित्रांना वर्गणी गोळा करावी लागली. पानांचें गणित त्याच्याइतकें कोणास येत होतें? पण डाव संपल्यावरच्या वेळाचें काय करावें, हें त्याला कोणीं शिकविलें नव्हतें.

याच्या उलट गोष्ट जॅक स्ट्रॉस याची. १९८२ च्या स्पर्धेंत त्यानें सर्व चकत्या पणाला लावल्या आणि हरला. उठतांना पाहतो तों एक चकती हातरुमालाखालीं राहिलेली. 'सर्वस्व' असा शब्द त्यानें तोंडानें उच्चारला नव्हता, म्हणून त्याला बसूं दिलें. आणि त्या एका चकतीवरून त्यानें ती स्पर्धा जिंकली. ही कथा खेळाडू एकमेकांना फार सांगतात. मला विचाराल तर ती जपून सांगावी. एका चकतीवरून जिंकलेल्याचें नांव राहतें, एका चकतीवरून हरलेल्यांची गणति कोणी ठेवीत नाहीं.

मग जे या धंद्यांत वीस-वीस वर्षें टिकून आहेत ते काय करतात? पहिली गोष्ट पैशाची. खेळाचें भांडवल आणि घरखर्चाचा पैसा ते निरनिराळ्या पेट्यांत ठेवतात. ज्या फीची स्पर्धा खेळावयाची तशा निदान शंभर फिया पेटींत असाव्यात, असा सावध खेळाडूंचा हिशेब. पेटी उणी झाली कीं लहान फीच्या स्पर्धेकडे उतरावयाचें. हें उतरणें मानी माणसाला फार जड जातें. दुसरें, मोठ्या स्पर्धेंतला आपला हिस्सा आधींच विकून टाकतात. फीचे निम्मे पैसे दुसऱ्यांचे, बक्षीसहि निम्में दुसऱ्यांचें. आपल्याकडे शेत अर्धेलीनें देतात, तसेंच हें. कांहींच्या मागें सावकार असतो. तो साऱ्या फिया भरतो, पण आधींची तूट भरून निघेपर्यंत पुढच्या बक्षिसांतून खेळाडूला कांहीं मिळत नाहीं. ही तूट वाढली म्हणजे माणूस जिंकूनहि कर्जांतच राहतो. ही पद्धत मला आवडली नाहीं, आणि मीं तसें स्पष्ट सांगितलें.

दुसरी गोष्ट बोलण्याची. मारिया कोनिकोव्हा या मानसशास्त्राच्या पदवीधर लेखिकेनें, हा खेळ मुळींच येत नसतां, एरिक सायडेल या मुरब्बी खेळाडूकडे शिष्यत्व पत्करलें, आणि २०१८ च्या जानेवारींत बहामा बेटांवर एक स्पर्धा जिंकून ८४,६०० डॉलर मिळविले. तिचें २०२० सालचें पुस्तक माझ्या विद्यार्थ्यानें मला आणून दिलें. त्यांत मला लक्षांत ठेवण्यासारखी वाटली ती सायडेलची एक शिस्त: दुर्दैवानें हरलेल्या डावांचीं रडगाणीं तो ऐकूनच घेत नसे. तूं काय विचार केलास तें सांग, पुढें कोणतें पान आलें तें मला नको, असा त्याचा रोख. ॲनी ड्यूक या दुसऱ्या खेळाडू बाईनेंहि २०१८ सालच्या आपल्या पुस्तकांत हाच मुद्दा मांडला आहे, कीं निकालावरून निर्णयाची पारख करणें ही मोठी चूक.

हें वाचून झाल्यावरच्या रविवारीं मीं मोठ्या उत्साहानें तें त्याला समजावूं लागलों. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "गुरुजी, रागावणार नसाल तर एक सांगतों. सहावीच्या सहामाहीला क्षेत्रफळाचें उदाहरण होतें. माझी रीत सगळी बरोबर होती. शेवटीं सात आठे चोपन्न झाले. आपण शून्य दिलें होतें."

मला तें आठवत नव्हतें. पण मीं तें दिलें असणार यांत शंका नाहीं. उत्तर चूक तें उदाहरण चूक, हा माझा नियमच होता, आणि पस्तीस वर्षें त्याचा मला अभिमान होता. पुलाचें गणित चुकलें तर रीतीसाठीं कोणी गुण देईल काय, असें मीं वर्गांत विचारीत असें. अजूनहि तो प्रश्न अगदींच चुकीचा होता, असें मला वाटत नाहीं. पण त्या मुलाला एकोणिसाव्या रात्रीं झोंप कां येत नाहीं, याचें थोडें कारण माझ्या लाल पेन्सिलींत होतें, हें मला त्या दिवशीं कळलें.

मग आम्हीं एक वही घातली. प्रत्येक स्पर्धेंतले तीन-चार अवघड प्रसंग त्यानें लिहावयाचे: पानें कोणतीं, चकत्या किती, समोरच्याविषयीं अंदाज काय, निर्णय काय आणि कां. त्याखालीं दहांपैकीं गुण. निकाल पानाच्या पाठीमागें लिहावयाचा. मला खेळ पुरता कळत नाहीं, पण कारणांत विसंगति असली तर ती दिसते.

मात्र या वहींतहि एक फसगत आहे, आणि ती मीं त्याच्यापासून लपविली नाहीं. वाईट खेळणाराहि नशिबालाच दोष देतो. नशीब वाईट कीं खेळ वाईट, याचा निर्णय पन्नास-शंभर स्पर्धांवरून लागत नाहीं. हजारों लागतात, आणि तोंवर म्हाताऱ्या आईचे दागिने टिकले पाहिजेत. म्हणून त्याच्या मातोश्रींच्या समक्ष आम्हीं एक आंकडा लिहिला. भांडवल त्याच्याखालीं गेलें कीं नोकरी शोधावयाची. मग मागचा डाव कसाहि हरलेला असो. बाईंनीं त्या कागदाला हळद-कुंकू लावून तो देव्हाऱ्यांत ठेवला. त्यांचें समाधान झालें असें नाहीं, पण रडणें थांबलें.

२०२३ सालीं गोव्यांतल्या एका स्पर्धेंत तो दुसरा आला आणि दीड वर्षाची तूट एका रात्रींत भरून निघाली. पेढे आले. गल्लींत ज्यांनीं त्याला जुगारी म्हटलें होतें तेच त्याला हुशार म्हणूं लागले. मुलगा तोच, वही तीच. मीं पेढा खाल्ला आणि वही मागितली. त्या आठवड्यांत त्यानें ती लिहिलीच नव्हती. हरल्यावर तोल जातो तसा जिंकल्यावरहि जातो, आणि जिंकल्यावर गेलेला कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पुढच्या दोन महिन्यांत त्यानें मोठ्या फीच्या स्पर्धा खेळून बरेंच घालविलें.

यापुढचें थोडक्यांत सांगतों. महाराष्ट्रांत १८८७ सालचा जुगारप्रतिबंधक कायदा आहे. गोव्यांत परवान्याचीं जुगारगृहें आहेत, कांहीं मांडवींत नांगरलेल्या बोटींवर. पण त्याचा नित्याचा धंदा इंटरनेटवरच्या लहान स्पर्धांचा होता. २०२५ च्या ऑगस्टमध्यें संसदेनें कायदा करून पैसे लावून खेळावयाचे इंटरनेटवरचे सारे खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले. या खेळांपायीं कित्येक घरांचा सत्यानाश झाला होता, तेव्हां कायद्याला मी नांवें ठेवणार नाहीं. त्याची मिळकत मात्र एका आठवड्यांत थांबली. देव्हाऱ्यांतला आंकडा अजून थोडा खालीं होता. तरी त्यानें आपण होऊन तो कागद काढला, आणि दिवाळीनंतर नोकरी धरली. आतां वर्षांतून दोन-तीनदां रजा काढून तो गोव्याला जातो, आणि वही मला टपालानें येते.

गेल्या खेपेच्या वहींत एके ठिकाणीं त्यानें स्वतःला शून्य दिलेलें दिसलें. पान उलटून पाहिलें तों त्या स्पर्धेंत त्याला बक्षीस मिळालें होतें. मीं तें उदाहरण दोनदां तपासलें. शेवटचा निर्णय चुकीचा होता खरा, पण पहिल्या तीन पायऱ्या बरोबर होत्या. शून्याच्या जागीं चार लिहिले आणि वही परत पाठविली.